विमानातली हाक

शिंदे की छावनी, लष्कर,
ग्वाल्हेर
१४ सप्टेंबर १९५६

सौ. सरोताईस शरयूचा सा. न. वि. वि.

पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील. तुझे आप्पा घरी आहेत. उजवा खांदा दुखतो, मनगटांवर वळ आहेत, बाकी शरीराला काही झालेलं नाही. मी नया बाजारातून कपडे घेऊन त्यांच्याकडेच राहायला आले आहे. माझे आईबाबा रोज संध्याकाळी चक्कर टाकतात.

नागपुरात तुझ्या कानावर काहीबाही येईलच, कारण त्या विमानात सचिवालयाची माणसं होती आणि सचिवालयाच्या माणसांचे जावई सगळीकडे असतात. म्हणून मला ठाऊक आहे तेवढंच लिहिते.

येत्या नोव्हेंबरात मध्यभारत उरणार नाही आणि कचेऱ्या भोपाळला जाणार, हे तुला मी सांगायला नको. नव्या राज्यात कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली बसणार, त्या याद्या तुझ्या वडिलांच्या खात्यात तयार झाल्या. त्या नेण्यासाठी सरकारने एका लहान खासगी कंपनीचं डाकोटा विमान भाड्याने घेतलं. पुढच्या जागांवर कागदांच्या पत्र्याच्या पेट्या बांधल्या होत्या, मागे माणसं होती, काहींची कुटुंबं होती. आप्पांनी भोपाळला जाणं दोनदा टाळलं होतं. ह्या खेपेला टाळता आलं नाही.

मी हवाई अड्ड्यावर कामावर होते. बिनतारी यंत्रावर वैमानिकाचा निरोप आला: एक उतारू आग लागल्याचं ओरडतो आहे, आग कुठेही नाही, उतारू आमच्या कोठडीकडे धावून आला, त्याला बांधून ठेवलं आहे, विमान परत आणतो आहोत, पोलीस बोलवा. मी निरोप लिहून घेतला, परत वाचून दाखवला आणि पोलिसांना फोन केला. उतारूचं नाव त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही, कारण तशी रीत नाही.

विमान उतरल्यावर पोलिसांबरोबर मी दाराशी उभी होते. इतर मंडळी उतरली, आणि सगळ्यांत शेवटी त्यांनी आप्पांना आणलं. सामान बांधायच्या पट्ट्यांनी हात मागे बांधलेले, तोंडावर टॉवेल आवळलेला. त्यांनी मला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

विमानात धावपळ झाली तेव्हा एका अधिकाऱ्याच्या बायकोचा हात मोडला. आग म्हटल्यावर सगळे शेपटीकडे पळाले, त्यामुळे विमानाचा तोल गेला आणि वैमानिकाला ते सावरावं लागलं. हेही लिहायला हवं.

बाबांनी हमी देऊन आप्पांना कोतवालीतून आणलं. आता चौकशी समिती बसणार आहे. आप्पा मुद्दाम ओरडले असं ठरलं तर फौजदारी खटला. मुद्दाम नाही असं ठरलं तर ते भ्रमिष्ट. मग सरकारी डॉक्टरच्या सहीने त्यांना वेड्यांच्या इस्पितळात निरीक्षणाखाली ठेवणार. तिथून परत आलेली दोन माणसं आपण दोघींनी लहानपणी पाहिली आहेत.

आप्पा ह्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. नेहमीसारखे वेळेवर उठतात, दाढी करतात, वर्तमानपत्र वाचतात.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा. रागवायचं असेल तर सविस्तर रागव, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
शरयू

•

धंतोली, नागपूर
१९ सप्टेंबर १९५६

चि. शरयूस सरोताईचे अ. उ. आ.

अगं, तुझं पत्र आहे की वेधशाळेचा अहवाल? माझ्या बापाला गाठोड्यासारखं बांधून आणलं, आणि तू लिहितेस की खांदा उजवा होता! मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले. आमच्या ह्यांनी तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं पडलं की तुझ्यासारखी एक बाई त्यांच्या खात्यात असती तर अर्धे कारकून घरी बसले असते. मी म्हटलं, कौतुक नंतर करा, आधी कोणाला पत्र टाकायचं ते सांगा.

ह्या लोकांना लाज नाही का ग? पंचावन्नाव्या वर्षी डोळ्यांना चष्मा, पायात पंपशू, असा माणूस विमान पाडायला निघाला होता? आग नाही हे कळलं तेव्हाच हात का नाही सोडले? तोंड कशाला बांधायचं? तोंडाने का कोणी विमान पाडतं? आमच्याकडे बसमध्ये दारू प्यायलेला माणूस कंडक्टरच्या अंगावर जातो, त्यालासुद्धा फार तर खाली उतरवतात. तुझ्या हवाई अड्ड्याच्या लोकांना कोणी जरा जोरात शिंकलं तरी बेड्या घालाव्याशा वाटतात, असं दिसतं. तू त्यांच्यातली आहेस म्हणून सौम्य लिहितेस.

आणि मला एक सांग. आप्पा ओरडले कसे? मी जन्मात त्यांना ओरडताना ऐकलं नाही. मी सहा-सात वर्षांची असताना स्टोव्हचा भडका उडाला होता, तेव्हा ते शांतपणे आले, गोधडी टाकली आणि आईला म्हणाले की आज जेवण उशिरा झालं तरी चालेल. तो माणूस आग नसताना आग म्हणेल? तू हुशार आहेस, शोधून काढ. ते नेमकं काय बोलले ते मला हवं आहे.

आमच्याकडेही बोजे बांधणं चालू आहे. नागपूरची राजधानी गेली, आणि ह्यांचीही बदली भोपाळलाच. म्हणजे सगळं सुरळीत असतं तर आप्पा आणि मी एका गावात आलो असतो. आई गेल्यापासून मी देवाजवळ दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि ते असं उभं राहिलं.

आप्पांना दूध देत जा. उत्तर लवकर पाठव, आणि त्यात एखादं वाक्य माणसासारखं असू दे. मग मी तुझ्यावर पूर्वीइतकाच जीव टाकीन.

तुझी
सरोताई

•

ग्वाल्हेर
२८ सप्टेंबर १९५६

सौ. सरोताईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं शोधलं. जे सापडलं ते लिहायला मला तीन दिवस लागले.

ज्याने आप्पांना बांधलं तो विमानातला सेवक दौलतसिंह भदौरिया. भिंडकडचा आहे, आधी फौजेत होता. तो स्वतःच हवाई अड्ड्यावरच्या माझ्या बिनतारीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. ते माझे काका आहेत हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. आत येऊन बसला नाही. त्याने सांगितलं की बाबूजी पुढे पाहत उभे राहिले, हात पुढे केला आणि आग, आग, असं दोनदा म्हणाले. हात पेट्यांच्या दिशेला होता. आत सगळा कागद. त्याला वाटलं, कागद पेटला. तो पेट्यांकडे धावला, बाकीचे मागे पळाले, आणि आप्पा मात्र पुढेच येत राहिले, वैमानिकाच्या दाराकडे. त्याने त्यांना अडवलं तेव्हा त्यांनी त्याला बाजूला ढकललं. मग त्याने त्यांना खाली पाडलं.

मी त्याला तुझाच प्रश्न विचारला, की आग नाही हे कळल्यावर हात का सोडले नाहीत. तो म्हणाला की ज्या बाईचा हात मोडला ती किंचाळत होती आणि बाबूजी थांबत नव्हते, तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. दर वेळी लोक पुन्हा उठत होते. म्हणून तोंड बांधलं. मग मी न विचारता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आवाज घाबरलेल्या माणसाचा नव्हता. घरात कोणाशी बोलावं तसा होता. त्यालाच तो जास्त भ्यायला. जाताना म्हणाला की घरी त्याची बायको चूल पेटवते तेव्हा तो हल्ली बाहेर जाऊन उभा राहतो.

मला त्या माणसाचा राग आला नाही. तुला येईल.

आता दुसरी गोष्ट. गुरुवारी चार वाजता मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. आप्पा बाहेरच्या खोलीत वाचत होते. त्यांनी हाक मारली: अगं. एकदाच, सहज. आणि माझ्या तोंडून आले हं असं निघून गेलं. काकू तसंच म्हणायच्या, शेवटचा हं लांबवून. मीही तो लांबवला होता. का ते मला सांगता येत नाही.

बाहेर वर्तमानपत्राची सळसळ थांबली. मी हातातलं गाळणं धरून उभी राहिले. मग ते दाराशी आले, माझ्याकडे पाहिलं, साखर बेताची घाल असं म्हणाले आणि परत गेले. ती हाक मला नव्हती. मला ते शरयू म्हणतात.

सरोताई, त्यांनी काकूंना कधी नावाने हाक मारलेली तू ऐकली आहेस? मी नाही. अगं हेच त्यांच्या तोंडी काकूंचं नाव होतं.

डाकोटाच्या आवाजात शब्दाची सुरुवात आणि शेवट गळून पडतात, हे मी रोज ऐकते. म्हणून आम्ही महत्त्वाचा शब्द दोनदा म्हणतो. अगं, अगं, असं दोनदा म्हटलं, शेवटचा अनुस्वार इंजिनाने खाल्ला आणि ऐकणारा भिंडचा असला, तर काय ऐकू येईल ते तू स्वतः म्हणून पाहा. त्या विमानात आप्पांशिवाय मराठी कोणीच नव्हतं. याद्यांबरोबर गेलेली मंडळी सगळी इकडची.

तर हे असं आहे. दौलतसिंहाने जे ऐकलं ते ऐकून त्याने केलं ते पहिल्या क्षणी चूक नव्हतं. मीही तेच केलं असतं. कागदांनी भरलेल्या विमानात आग हा शब्द ऐकून विचार करत बसणारा माणूस मला त्या विमानात नको. पण जमिनीवर येईपर्यंत हात मागे आणि तोंड बंद, हे त्याने भीतीने केलं. त्यात गरज नव्हती. एकाही माणसाने वाकून त्यांना विचारलं नाही की काय म्हणता आहात. ह्याला मी अतिरेक म्हणते.

आता अडचण बघ. आप्पा आग म्हणाले असं समितीने मानलं तर ते गुन्हेगार. अगं म्हणाले असं आपण सांगितलं तर समितीचा पुढचा प्रश्न एकच असेल: कोणाला? आणि काकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

तुझ्या विचाराशिवाय मी तोंड उघडणार नाही. घरच्या सर्वांची आठवण काढते, हे ह्या पत्रातून दिसत नसलं तरी खरं मान.

शरयू

•

नागपूर
४ ऑक्टोबर १९५६

चि. शरयूस अ. उ. आ.

सांगू नकोस. मी पाया पडते, सांगू नकोस.

तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. डब्यात ठेवलं आहे. रात्री निजल्यावर तो शब्द माझ्या कानात येतो. मुलं झोपली होती आणि धाकटी झोपेत काहीतरी पुटपुटली, तर मी दचकून उठून बसले.

आप्पांनी माफी मागून टाकावी. डोळा लागला होता, स्वप्न पडलं, घाबरून ओरडलो, असं म्हणावं. रागीट म्हणून, मूर्ख म्हणून शिक्षा झाली तर ती संपते. वेडा हा शिक्का संपत नाही ग. माझ्या नणंदेच्या सासरी एक चुलता तसा होता. तो मरून वीस वर्षं झाली, तरी त्या घरात मुलगी देताना लोक अजून आवाज खाली करून विचारतात. आणि एकदा आप्पांना त्या इस्पितळात आत घेतलं की मी भोपाळात कोणत्या तोंडाने त्यांना आणू? माझ्या हातात कोण देईल त्यांना?

तू म्हणशील, खोटं कसं बोलायचं. तू शाळेतसुद्धा फळ्यावरचं चुकलेलं बाईंना सांगायचीस. ह्या वेळी नको.

आई असती तर तिने दोन शब्दांत निकाल लावला असता. हे लिहिलं आणि मग लक्षात आलं की मी काय लिहिलं.

आप्पांच्या कपाळाला माझ्या नावाने हात लाव. माझ्यावरचा लोभ ह्या एका गोष्टीत दाखव, पुन्हा कधी मागणार नाही.

तुझी
सरोताई

•

ग्वाल्हेर
९ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. सरोजिनीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघी बहिणी माझ्याविषयी पत्रव्यवहार करता हे मला पोस्टमनच्या फेऱ्यांवरून कळले. शरयू काही सांगत नाही, म्हणून मी काही विचारले नाही. तिने काल जेवताना एवढेच म्हटले की समितीपुढे स्वप्न पडले असे सांगितले तर कसे. ते वाक्य तिचे नव्हते. तुझ्या आवाजातले होते.

मुली, मला डुलकी लागली नव्हती. मी आग म्हणालो नाही. मी तुझ्या आईला हाक मारली. तिचे दिवस मी केले आहेत, अस्थी मी विसर्जित केल्या आहेत, ह्याचा मला विसर पडलेला नाही. माणूस तीस वर्षे एकाच शब्दाने घरात शिरतो आणि एकाच शब्दाने घराबाहेर पडतो. तो शब्द तोंडात राहतो. एवढे कोणत्याही समितीला कळावे.

त्या दौलतसिंहावर तू रागावू नयेस. बांधले चांगले, सचिवालयात दप्तराची फीत इतकी नीट कोणी बांधत नाही. मला खांद्याचे काही वाटले नाही. तोंड बंद होते, त्याचे वाटले. हाक मारून झाली होती आणि पुढचे बोलायचे राहिले होते. ते काय, हे पत्रात लिहिण्यासारखे नाही.

ज्या बाईंचा हात मोडला त्यांच्या घरी मी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, डाव्या हाताने. त्यांच्या यजमानांनी मात्र खोलीचे दार उघडेच ठेवले आणि स्वतः दारात उभे राहिले. मला हसू आले आणि मग आले नाही. लोक आता माझ्याशी असेच वागणार असतील तर भोपाळात तुझ्या दारात मी यावे की नाही ह्याचा तू मोकळेपणी विचार कर.

समितीपुढे मी विचारतील तेवढ्याचे खरे उत्तर देईन. अधिक बोलणार नाही. नोकरीत हेच केले.

जावईबापूंस आशीर्वाद. नातवंडांना सांग की आजोबा बरे आहेत आणि हातावरचे वळ गेले आहेत. तुझ्या मनात जागा असावी, घरात असो वा नसो.

माधवराव

•

ग्वाल्हेर
१७ ऑक्टोबर १९५६

सौ. सरोताईस सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या भोपाळच्या नव्या पत्त्यावर पाठवते आहे. आधी निकाल सांगते. आप्पांवर खटला नाही आणि इस्पितळही नाही. आता बैस आणि वाच.

समितीत तिघं होते. अध्यक्ष विंध्य प्रदेशातून आलेले, दुसरे विमान कंपनीचे, तिसरे सरकारी डॉक्टर. मराठी कोणी नव्हतं. बाबा बाहेरच्या बाकावर बसून म्हणाले की पूर्वी इथल्या कोणत्याही कचेरीत खोकलं तरी मराठीत खोकल्यासारखं वाटायचं. वैमानिकाचा निरोप मी घेतला होता, म्हणून मला साक्षीला आत बोलावलं.

मी निरोप वाचून दाखवला. मग मी विनंती केली की शब्दाविषयी काही सांगायचं आहे. तुला दिलेलं वचन मी त्या वेळी मोडलं. आप्पा स्वतः खरं बोलणार होते, आणि त्यांचं खरं कोणाला समजलं नसतं. मी दोन्ही शब्द म्हणून दाखवले, आधी आग, मग अगं. कंपनीचे गृहस्थ हसले आणि म्हणाले की बाईसाहेबांनी वकिली शिकायला हवी होती. तेव्हा दौलतसिंह उभा राहिला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला की दोन्ही शब्द त्याने आता ऐकले, आणि त्या दिवशीचा दुसरा होता.

त्यावर डॉक्टर आप्पांकडे वळले आणि मला वाटलं होतं तेच विचारलं. ज्यांना आपण हाक मारत होतात, त्या कुठे आहेत?

आप्पा हिंदीत म्हणाले: वो आगे गईं।

डॉक्टरांचं पेन चालू लागलं. त्यांनी विचारलं, म्हणजे विमानात पुढे? पेट्या होत्या तिथे? आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. सांगितलं की आमच्यात नवऱ्याच्या आधी बायको वारली तर ती पुढे गेली असं म्हणतात. वारली, मेली, हे शब्द घरात कोणी तोंडातून काढत नाही. माझ्या काकांनी मराठी शब्द जसाच्या तसा हिंदीत केला आहे, ग्वाल्हेरची सगळीच मराठी माणसं करतात. मग मी साध्या हिंदीत सांगितलं की माझ्या काकूंचा मृत्यू झालेला आहे आणि माझ्या काकांना ते माहीत आहे. मृत्यू हा शब्द आप्पांसमोर आजवर कोणी म्हटला नव्हता. तो मी म्हटला.

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं.

समितीने ठरवलं की उतारूने शोकाच्या भरात पत्नीला हाक मारली, सेवकाचा ऐकण्यात घोटाळा झाला, अडवणं योग्य होतं, पुढे बांधून ठेवणं अनावश्यक होतं. दोन्ही बाजूंनी तक्रार संपवावी. अध्यक्ष जाताना आप्पांना म्हणाले की भोपाळात अशी नीट उत्तरं देणारी माणसं लागतील.

बाहेर आल्यावर दौलतसिंहाने आप्पांच्या पायाला हात लावला. आप्पांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि विचारलं की पुढच्या फेरीला तूच असशील ना.

आईने आज पुरण घातलं आहे. तू हवी होतीस. तुझं ऐकलं नाही, ते मोठ्या मनाने पोटात घाल.

शरयू

•

भोपाळ
२२ ऑक्टोबर १९५६

चि. शरयूस अ. उ. आ.

वचन मोडलंस म्हणून एक धपाटा आणि मोडलंस म्हणून एक साडी. रंग तूच सांग. तुझ्यावर सोपवलं नाही तर तू तिच्यातही दोष काढशील.

इथे आम्हाला अर्धवट रंगवलेलं घर मिळालं आहे. नळ आहे, पाणी नाही. शेजारी रीवेकडचे, पलीकडे इंदूरचे, समोर आमच्यासारखे नागपूरचे; सगळे एकमेकांच्या दारावरच्या पाट्या वाचत फिरतात आणि आपल्या भाषेचं कोणी सापडतं का बघतात. मी आप्पांची खोली लावली. आमचे हे म्हणतात, वेडे, अजून आठ दिवस आहेत. मी म्हटलं, वेडी म्हणा, त्या शब्दाची भीती आता गेली आहे.

आप्पांचं कार्ड आलं. तीस तारखेला येतो, आनंदाने येतो, असं लिहिलं आहे. आनंदाने! ज्या माणसाला छावनीतून नया बाजारात न्यायला बैलगाडी लागायची, तो आनंदाने भोपाळला निघाला! काय जादू केलीस ग? लिही मला. तुझ्या कोरड्या अक्षरांवरही माझा जीव आहे, हे तुला पुरतं ठाऊक असू दे.

तुझी
सरोताई

•

ग्वाल्हेर
२६ ऑक्टोबर १९५६

सौ. सरोताईस सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहिते. हे पत्र वाचून झाल्यावर ठेवू नकोस.

निकालानंतर आप्पा घर आवरू लागले. कामाचा पदभार त्यांनी असा सोपवला की घेणाऱ्याला एक प्रश्न विचारावा लागला नाही. किराणेवाला, दूधवाला, घरमालक, सगळ्यांना भेटून आले. माझ्या सायकलची ढिली झालेली साखळी त्यांच्या लक्षात आली. त्यांच्या डोक्यात कुठेही गोंधळ नाही. हे मी आधी सांगते, कारण पुढचं वाचताना तुला ते लागेल.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला विचारलं की त्या दिवशी विमान परत आलं तेव्हा सगळे एकाच दाराने उतरले का. मी हो म्हटलं. मी पूर्ण वेळ त्या दाराशी उभी होते का. हो. उतरलेलं प्रत्येक माणूस मी पाहिलं का. पाहिलं. मग त्यांनी विचारलं की तपासणी झाल्यावर तेच विमान, त्याच पेट्या घेऊन, दुपारी भोपाळला गेलं ना. मी म्हटलं, गेलं. पोचल्याचा निरोप मीच घेतला.

त्यांनी मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. आणि म्हणाले, मग प्रश्न नाही. ती पुढे गेली.

ह्या वेळी मराठीत म्हणाले.

मी समितीला जो अर्थ सांगितला तो बरोबर आहे. कोणत्याही मराठी घरात विचार, तोच सांगतील. पण त्यांचा अर्थ कोणता, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी समजले की ते मदत मागत आहेत. आता वाटतं, मला ठाऊक आहे की नाही एवढंच ते पाहत असावेत. डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिलेलं कदाचित खरं होतं, आणि ते माझ्या शब्दावर खोडलं गेलं. एकदा दौलतसिंहाने आप्पांना न विचारता ऐकलं, एकदा मी.

मी समितीला कळवणार नाही. आप्पांपासून कोणाला धोका नाही असं माझं मत आहे. ते मोजायचं यंत्र माझ्याजवळ नाही.

आणखी एक गोष्ट. निकालाच्या आधीपासूनच, बहुधा मी त्या दिवशी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं तेव्हापासून, ते घरात हाक मारत नाहीत. मला वाटलं होतं की दुःख ओसरलं. तसं नाही. ती इथे नाही म्हणून ते मारत नाहीत. मी एकटी असते तेव्हा मलाही ते घर तसं जाणवतं: पूर्वी कोणीतरी आतल्या खोलीत असायचं, आता नाही. हे माझं वाक्य आहे, आणि ते मी खोडत नाही.

तीस तारखेच्या विमानावर दौलतसिंह आहे. त्याला मी एवढंच सांगितलं की बाबूजी उतरताना कदाचित हाक मारतील. तो म्हणाला की तो बाकीच्या उतारूंना आधी उतरवून घेईल आणि स्वतः बाजूला उभा राहील. का, हे त्याने विचारलं नाही.

तू घ्यायला जाशीलच. ते पायरीवर थांबतील, पुढे बघतील आणि तो शब्द म्हणतील. तुझा आवाज काकूंसारखा आहे, म्हणून सांगते: ओ देऊ नकोस. धावत पुढे जाऊ नकोस. मुलांनाही धरून ठेव. उत्तर यायला लागेल तेवढा वेळ त्यांना तिथे उभं राहू दे.

शरयू